पसरणी घाटातली मोटार : फोर्ड, शेवरलेट, आणि मुळात ती पणजोबांची होती का?

कृष्णाकाठ

आमच्या वाईच्या घरात माजघराच्या भिंतीवर एक फोटो आहे, दहा बाय बाराचा, काळ्या लाकडी फ्रेममधला. घाटात एक उघडी मोटार उभी आहे, तिच्यात आणि तिच्याभोवती नऊ माणसं. पणजोबा फुटबोर्डवर एक पाय ठेवून उभे आहेत, पणजी पुढच्या सीटवर बसलीय, नऊवारी, नाकात नथ. बंपरवर एक चार-पाच वर्षांचा मुलगा बसलाय ते माझे चुलत आजोबा, जन्म १९२६ चा, आणि ते बरोब्बर नंबरप्लेटच्या पुढेच बसलेत त्यामुळे नंबर दिसत नाही. रेडिएटरच्या बाजूला कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, लटकवलेली आहे. एक खाकी कपड्यातला माणूस बाजूला उभा आहे, तो ड्रायव्हर असं सगळे म्हणतात.

घरात लहानपणापासून ऐकत आलोय की ही "पणजोबांची फोर्ड". हळदीचा व्यापार होता, बरे दिवस होते, मोटार घेतली, पुढे मंदी आली आणि विकली. दिवाळीत सगळं घर वाईला जमणार आहे तेव्हा फोटोखाली नीट पाटी लावायची असं ठरलंय, मॉडेल आणि साल लिहून. फोटोचा फोटो काढून इथे टाकतेय. ज्यांना जुन्या गाड्यांतलं कळतं त्यांनी सांगा, ही फोर्डच ना? कुठलं मॉडेल? आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला कसं काय?

जुनं लोखंड

फोर्ड मॉडेल ए. फेटन बॉडी, म्हणजे टपाची चार दरवाज्यांची. तारांची चाकं बघा, १९२७ पर्यंतच्या मॉडेल टी ला बहुतेक लाकडी आऱ्यांची चाकं असायची, मॉडेल ए ला तारांची चाकं कंपनीतूनच यायची. हेडलाइट लांबुडके आहेत आणि रेडिएटर तसा बुटका आहे म्हणजे १९२८-२९ चं. १९३० ला रेडिएटर उंच केला आणि चाकं २१ इंचांवरून १९ इंचांवर आणली. मी पुण्यात अशा दोन गाड्यांवर काम केलंय, हा मडगार्डचा बाक मी डोळे मिटून ओळखेन.

शिवडीकर

इतकी घाई नको. मला ही शेवरलेट वाटते. त्या काळात मुंबई इलाख्यात शेवरलेट किती होत्या याचा विचार करा, जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला असेंब्ली सुरू केली, माझे आजोबा तिथे कामाला होते, खोक्यातून सुटे भाग यायचे आणि इथे जोडून गाडी बाहेर पडायची. १९२९ ला त्यांनी सहा सिलिंडरचं इंजिन आणलं आणि जाहिरातच अशी होती की चारच्या भावात सहा सिलिंडर. माणसं भरून घाट चढायचा म्हटल्यावर व्यापारी माणूस सहा सिलिंडर घेईल की चार? आणि तारांची चाकं शेवरलेटलाही १९३० च्या सुमाराला मिळायची, जादा पैसे देऊन, १९३१ ला तर सर्रास. तेव्हा चाकांवरून फोर्ड ठरत नाही.

जुनं लोखंड

चाकांवरून एकट्याने नाही ठरत, मान्य. पण चाकं आणि अंतर दोन्ही मिळून ठरतं. मॉडेल ए चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मध्यांतलं अंतर, १०३.५ इंच. २१ च्या रिमवर टायर धरून चाक साधारण ३० इंच उंच. म्हणजे दोन चाकांच्या मध्यातलं अंतर भागिले चाकाची उंची, ३.४५ यायला पाहिजे. शेवरलेटचा व्हीलबेस १०७, तिथे तेवढंच चाक धरलं तर ३.५७ येईल. फोटोत मोजलं तर ३.०५ आलं पण गाडी तिरकी उभी आहे म्हणून अंतर आखडलंय, मागचं चाक गोल न दिसता लंबगोल दिसतंय, त्याची रुंदी उंचीच्या ०.८८ आहे, ३.०५ ला ०.८८ ने भागा, ३.४७ येतं. फोर्ड.

शिवडीकर

३.४५ आणि ३.५७ मध्ये फरक किती, तीन-चार टक्के. भिंतीवरच्या फोटोचा मोबाईलने काढलेला फोटो, वर काच, काचेवर चमक, आणि तुम्ही त्यावरून तीन टक्के मोजणार? जवळचं चाक मोठं दिसतं लांबचं लहान दिसतं, ते कुठे धरलंत? कामाचा आदर आहे पण या आकड्यावर पाटी रंगवू नका.

घाटमाथा

गाडीचं तुम्ही बघा, मी जागेचं सांगतो. हा पसरणी घाटच आहे, वाईहून पाचगणीला चढताना वरच्या टप्प्यातलं वळण, मागे खाली सपाटी आणि कृष्णेची रेघ दिसतेय. आज त्या बाजूला बघितलं की धोमचं पाणी डोळ्यात भरतं, फोटोत धरण नाहीये.

शिवडीकर

धोम धरण सत्तरच्या दशकातलं आहे, त्यावरून काहीच ठरत नाही. बंपरवरच्या मुलावरून जास्त ठरतं, १९२६ चा जन्म आणि चार-पाच वर्षांचा दिसतोय म्हणजे १९३०-३१.

आटपाट

मी न्यू जर्सीत असतो, जुने फोटो साफ करून रंगवायचा मला नाद आहे, ताईंचा फोटो एआय मधून काढला, जोडलाय. बघा किती स्पष्ट आलंय सगळं! चेहरे अगदी जिवंत झालेत. आणि मुख्य म्हणजे रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर शेवरलेटचा बिल्ला, तो बो-टाय, दिसतोय. गाडीचा रंग गडद हिरवा आलाय. पणजीचं लुगडं मोरपंखी.

शिवडीकर

अगदी स्वच्छ बो-टाय. मिटला विषय.

कृष्णाकाठ

आटपाट, खूप खूप आभार, आईला दाखवला तर ती रडायलाच लागली, पणजीला रंगात कुणी बघितलंच नव्हतं.

अंधारखोली

मी चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, बरीचशी वर्षं ब्लॅक अँड व्हाइटची. राग मानू नका पण बोलल्याशिवाय राहवत नाही. ताईंच्या फोटोत त्या जागी काय आहे ते मोठं करून बघा. राखाडी ठिपका आहे. ज्वारीच्या दाण्याएवढा. त्यात अक्षर नाही, आकार नाही, काही नाही. त्या ठिपक्यातून बो-टाय "निघत" नाही, तो कुणीतरी तिथे काढावा लागतो. संगणकाने हजारो गाड्या बघितल्यात आणि त्या जागी बिल्ला असतो एवढं त्याला माहीत आहे म्हणून त्याने एक बिल्ला काढला. उद्या पुन्हा चालवलात तर कदाचित फोर्डचा लंबगोल काढेल आणि मग फोर्डवाले खूष होतील.

रंगाचंही तेच. त्या काळच्या साध्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही, लाल वस्तू काळी यायची आणि निळी वस्तू फिकट यायची. काळी दिसणारी गाडी लाल असू शकते, लुगडं लाल असू शकतं. गडद हिरवा आणि मोरपंखी कुठून आले? पुराव्यातून आलेले नाहीत.

आटपाट

अंधारखोली काका, तुमचं ज्ञान मोठं आहे पण मी असहमत आहे. मी आत्तापर्यंत नात्यातले साठ-सत्तर फोटो रंगवून दिलेत. त्याआधी ते फोटो ट्रंकेत पडून होते, पोरं बघायला तयार नव्हती, दोन घरांत तर रद्दीत निघाले होते. रंगवल्यावर त्याच पोरांनी विचारलं की ही बाई कोण, हा कुणाचा कोण. रंग बरोबर आहे की चूक हे पणजीला आता सांगता येणार नाही, पण नातवंडं तिच्याकडे बघायला लागली हे खरं आहे ना? ताईंच्या आई रडल्या त्या खोट्या रडल्या का?

अंधारखोली

आई खऱ्याच रडल्या, त्याबद्दल माझा एक शब्द नाही. चेहरा रंगवा, घरात लावा, वर लिहा की रंगवलेला आहे. पण ही चर्चा गाडी कोणती याची आहे आणि त्यात तुमचं चित्र पुरावा म्हणून आलंय, तिथे माझा विरोध आहे. आणि हे मी फक्त संगणकाला म्हणत नाही. आम्हीही हेच करायचो. गिऱ्हाईक फाटका फोटो घेऊन यायचं, आम्ही कॉपी निगेटिव्ह काढायचो, ब्रशने रिटचिंग करायचो, डाग घालवायचो, आणि डागाबरोबर काय काय गेलं ते आज आठवलं की वाईट वाटतं. ताईंचा भिंतीवरचा फोटो अशीच कॉपी आहे, दहा बाय बाराचा इतका मऊ, म्हणजे धूसर, मूळ प्रिंट नसतो. मूळ छोटा फोटो कुठेतरी असेल, तो शोधा.

आणि अजून एक. तुमचा फोटो उलटा आहे.

कृष्णाकाठ

उलटा म्हणजे?

अंधारखोली

डावं उजवं उलट. कॉपी करताना निगेटिव्ह एन्लार्जरमध्ये, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्रात, पालथी गेली, इमल्शनची, म्हणजे रसायनाच्या थराची, बाजू खाली कागदाकडे पाहिजे ती वर राहिली. स्टिअरिंग डावीकडे दिसतंय ते त्यामुळे. पणजीचा पदर बघा, उजव्या खांद्यावर आहे. नऊवारीचा पदर डाव्या खांद्यावरून येतो. नथ उजव्या नाकपुडीत दिसतेय, आपल्याकडे डाव्या नाकपुडीत घालतात. फुटबोर्डवरच्या गृहस्थांच्या कोटाचा वरचा खिसाही उजवीकडे आहे, तो डाव्या छातीवर असतो.

जुनं लोखंड

क्या बात है. मी दोन दिवस त्या स्टिअरिंगवर अडून बसलो होतो, मनात म्हणत होतो की कुणी साहेबाने अमेरिकेतून थेट आणलेली गाडी असेल. फोर्डची भारतातली कंपनी १९२६ ची, कॅनडाच्या फोर्डच्या हाताखालची, आणि आपल्याकडे डावीकडून चालतात म्हणून उजव्या स्टिअरिंगच्या फोर्ड कॅनडातून यायच्या. डाव्या स्टिअरिंगची मॉडेल ए वाईत कशी, हे कोडं होतं, ते सुटलं.

शिवडीकर

पदरावरून एवढं ठरवू नका, वाईत गुजराती व्यापारीही होते, त्यांच्या बायकांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो.

कृष्णाकाठ

नाही हो, आम्ही मराठीच, आणि पणजी कासोट्याचं नऊवारीच नेसायची, दुसरे दोन फोटो आहेत त्यात पदर डावीकडेच आहे. कोटाच्या खिशाचं तर मी इतकी वर्षं बघून कधी लक्षातच आलं नव्हतं. अंधारखोली काका म्हणतात तसं मूळ फोटोचं आत्याला विचारते, ती ठाण्याला असते, आजीची पेटी तिच्याकडे आहे.

घाटमाथा

तोपर्यंत एक मुद्दा मांडतो, कुणी बोलत नाहीये. ही गाडी घरची होती यावर माझा विश्वास बसत नाही. १९३० च्या आसपास या भागात सर्व्हिस मोटारींचा, म्हणजे भाडं घेऊन माणसं नेणाऱ्या गाड्यांचा, धंदा जोरात होता. वाठार स्टेशनला उतरायचं आणि तिथून मोटारीने वाई, पाचगणी, महाबळेश्वर. एसटी तर १ जून १९४८ ला सुरू झाली, पुणे-नगर, त्याआधी सगळं खाजगी मोटारवाल्यांच्याच जिवावर. पाच माणसांच्या गाडीत दहा माणसं कोंबायचे आणि घाटात इंजिन तापलं की उतरवून पायी चालायला लावायचे. छागल लटकवलीय ती त्यासाठीच, रेडिएटरला पाणी. नऊ माणसं घेऊन घरची नवी गाडी कुणी घाटात नेत नाही.

शिवडीकर

आणि छागल काय फक्त भाड्याच्या गाडीला असते? घाट चढणारी प्रत्येक गाडी तापायची. उलट मी सांगतो घरचीच गाडी होती. पणजी पुढच्या सीटवर बसलीय. १९३० साली, वाईसारख्या गावात, व्यापाऱ्याच्या घरची बाई परक्या ड्रायव्हरशेजारी पुढे बसेल? सर्व्हिस मोटारीत बायकांना मागे बसवायचे. ती पुढे बसली कारण गाडी तिची होती. तिचा हात बघा, मांडीवर मूठ आहे, मुठीत काहीतरी गोल धरलंय, मला तर हॉर्नचा रबरी फुगा वाटतो. मालकिणीने हॉर्न हातात घेऊन फोटो काढवून घेतलाय.

जुनं लोखंड

मालकीच्या बाबतीत मी शिवडीकरांच्या बाजूने आहे, गाडीच्या बाबतीत नाही. १९२८ नंतरच्या गाडीला सहसा रबरी फुग्याचा हॉर्न नसायचा हो, बॅटरीवरचा असायचा, पण बाई पुढे बसलीय हा मुद्दा मला पटतो.

घाटमाथा

घरातली गोष्ट गोड असते म्हणून ती खरी धरायची का? मोटारीशेजारी उभं राहून फोटो काढायची तेव्हा हौस होती, गाडी कुणाचीही असो. माझ्या घरी आजोबांचा बुलेटवरचा फोटो आहे, आजोबांनी आयुष्यात सायकल सोडून काही चालवलं नाही.

कृष्णाकाठ

घाटमाथा, तुमचा मुद्दा समजला पण जरा लागलं. ही गोष्ट माझ्या आजोबांनी मला सांगितलेली आहे, ते खोटं बोलणारे नव्हते. असो. फोटो मिळाला! आत्याने पेटी उघडली, तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. इतकुसा आहे, सव्वादोन इंच बाय सव्वातीन इंच. दोन्ही बाजूंचे फोटो पाठवलेत, टाकतेय. अंधारखोली काका, तुम्ही म्हणालात तस्सं, यात स्टिअरिंग उजवीकडे आहे आणि पदर डावीकडे!! आणि मागच्या बाजूला काहीतरी मोडीत लिहिलंय, आमच्यात कुणालाच वाचता येत नाही.

अंधारखोली

सव्वादोन बाय सव्वातीन म्हणजे १२० नंबरच्या फिल्मचा काँटॅक्ट प्रिंट, निगेटिव्हएवढाच कागद. साधा बॉक्स कॅमेरा. म्हणजे बरोबर स्टुडिओवाला नव्हता, तुमच्यापैकीच कुणीतरी काढलाय. आता बोनेट आणि काचेच्या मधला भाग बघा आणि मग भिंतीवरच्या कॉपीत तीच जागा बघा. कॉपीत नुसता गुळगुळीत पत्रा आहे. मूळ फोटोत तिथे गोल उंचवटा आहे. रिटचिंगवाल्याने डाग समजून ब्रश मारलाय.

जुनं लोखंड

तो डाग नाही, ते पेट्रोलच्या टाकीचं झाकण आहे!!! मॉडेल ए ची टाकीच तिथे असते, डॅशबोर्डच्या वर, काचेच्या पुढे, मधोमध झाकण. पेट्रोल वरून आपोआप खाली कार्बुरेटरला उतरतं, पंप नाही काही नाही. आधीच्या बहुतेक मॉडेल टी ना टाकी सीटखाली असायची आणि पेट्रोल कमी असलं की चढाला ते इंजिनाकडे यायचंच नाही, म्हणून लोक रिव्हर्समध्ये घाट चढायचे, पुढचं तोंड खाली करून. मॉडेल ए ने ते दुखणं संपवलं. शेवरलेटची टाकी मागे असते, तिला इथे झाकण असायचं कारणच नाही. शिवडीकर, काय म्हणता?

शिवडीकर

झाकणच आहे ते. मी मोठं करून चार वेळा बघितलं, तिथे दुसरं काही असू शकत नाही. मी बो-टाय बघून विषय मिटला म्हणालो होतो ते मागे घेतो, आजोबांच्या शिवडीमुळे मला ती शेवरलेट असावीशी वाटत होती हे खरं आहे. फोर्ड मॉडेल ए, १९२८-२९. पण मागचं मोडी वाचल्याशिवाय पाटी लिहू नका. मला अंदाजाने पहिला शब्द "सेरवलेट" वाटतोय, आणि तसं निघालं तर पुन्हा पंचाईत.

आटपाट

मी मूळ फोटो पुन्हा चालवून बघितला. यावेळी रेडिएटरवर लंबगोल आला. काकांनी सांगितलं तस्सं. मी आधीचं चित्र काढून टाकत नाही कारण ताईंच्या आईंना ते आवडलंय, पण त्यावर ठळक लिहितो की रंग आणि बिल्ला संगणकाचे आहेत, फोटोतले नाहीत. माझ्या आधीच्या साठ-सत्तर फोटोंवर मी असं काहीच लिहिलेलं नाही, ते आता टोचतंय.

मोडीप्रेमी

मी वाचायचा प्रयत्न करतो. आधी थोडं सांगतो म्हणजे वाद होणार नाही. मोडीत ओळभर आधी शिरोरेषा ओढतात आणि मग खाली अक्षरं लटकवत जातात, शब्द तोडत नाहीत, ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही. त्यामुळे परकी नावं वाचताना फार चकायला होतं.

पहिली ओळ : "सरवीस मोटार पसरणी घाट सन १९३" आणि पुढचा आकडा शाईत फुटलाय.

"सेरवलेट" नाही, शिवडीकर. स च्या वर मात्रेसारखं दिसतंय तो ओलीचा डाग आहे, तसेच डाग खाली कोऱ्या जागेवर अजून दोन आहेत. आणि अक्षरं चारच आहेत, स-र-वी-स, शेवटचं अक्षर पहिल्या अक्षरासारखंच काढलंय, हात तोच, वळण तेच.

दुसरी ओळ छोटी आहे : "असामी ९ दर" आणि पुढे तीन उभ्या रेघा, मग थोडी जागा सोडून "६" आणि पुन्हा तीन उभ्या रेघा.

घाटमाथा

तीन रेघा म्हणजे काय, कशाचा तरी हिशेब ठेवला होता का, तीन फेऱ्या वगैरे?

मोडीप्रेमी

रुपये-आण्यांचं जुनं लेखन आहे ते. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पाऊण रुपया, बारा आणे. असामी म्हणजे माणसं. नऊ माणसं, दर बारा आणे, एकूण पावणेसात रुपये. नऊ गुणिले पाऊण, ६.७५, बरोबर बसतं. हे भाडं आहे.

घाटमाथा

म्हणजे सर्व्हिस मोटारच. ताई, तुम्हाला लागलं होतं त्याबद्दल मनापासून माफी मागतो, पण भाडं भरून गेलेली माणसं आहेत ही.

शिवडीकर

थांबा थांबा. फोटोत माणसं नऊ आहेत आणि त्यात एक खाकीवाला ड्रायव्हर आहे. ड्रायव्हरचं भाडं कोण धरतो? आठच झाले. दर बारा आणे गुणिले आठ, सहा रुपये. सहावर तीन रेघा कशाला? मला अजून वाटतं पणजोबांचीच सर्व्हिस मोटार असेल, हळदीबरोबर मोटारीचा धंदा करणारे होते की, आणि हा त्या दिवसाच्या फेरीचा गल्ला असेल.

अंधारखोली

नववा माणूस कॅमेऱ्याच्या मागे आहे. मी आधीच म्हटलं ना, बॉक्स कॅमेरा, तुमच्यातल्याच कुणीतरी काढलाय. तोही त्याच गाडीतून आला असणार आणि त्यानेही बारा आणे भरले असणार.

जुनं लोखंड

अंगावर काटा आला. नव्वद वर्षं तो माणूस फोटोत नव्हता आणि आज हिशेबातून बाहेर आला.

शिवडीकर

बरं, नववा सापडला, ते मान्य. तरी मालकाने गल्ला लिहिला असेल ही शक्यता जात नाही. व्यापारी माणूस कागद दिसेल तिथे हिशेब लिहितो.

घाटमाथा

स्वतःच्या गाडीत स्वतःच्याच बायकापोरांना बसवून त्यांचं भाडं गल्ल्यात धरेल? आठही जण घरचेच आहेत असं ताईंनी सांगितलंय का?

कृष्णाकाठ

हो, आठही घरचेच. पणजोबा, पणजी, पणजोबांचे दोन भाऊ, दोन जावा, माझे आजोबा तेव्हा नऊ वर्षांचे आणि बंपरवरचे चुलत आजोबा.

कालपासून आत्याशी तीनदा फोन झाला. तिला हे सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं होतं तिला वाईट वाटेल पण ती ऐकतच राहिली. मग म्हणाली की मोटार विकली वगैरे तिने स्वतः कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, ते आमच्या पिढीतच सुरू झालं असावं. तिच्या आठवणीत तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं, वाक्य फक्त "आमची फोर्ड घाटात बंद पडली होती" एवढंच होतं. आणि "आमची" तर आपण एसटीला पण म्हणतो, आमची गाडी सहाची आहे, आमची गाडी चुकली. त्या "आमची"ची पुढे कुणीतरी "पणजोबांची" करून टाकली. आजोबा खोटं बोलले नव्हते.

कॅमेरा कुणाचा तेही कळलं. पणजीचा भाऊ मुंबईला नोकरीला होता, सुट्टीत यायचा, त्याच्याकडे खोक्यासारखा कॅमेरा होता असं तिने आजीकडून ऐकलंय. त्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही, कारण फोटो तोच काढायचा.

पाटी आता अशी लिहायची ठरलीय : "पसरणी घाट, १९३०-३१. सर्व्हिस मोटार, फोर्ड मॉडेल ए (१९२८-२९). फोटो : पणजीचा भाऊ." भिंतीवर मूळ फोटोवरून नवीन मोठा करून लावतोय, सुलटा, झाकणासकट. आटपाटचा रंगीत आईच्या खोलीत राहील. शिवडीकर, मालकीचा तुमचा मुद्दा मी सोडून दिलेला नाही, वाईत त्या वेळच्या मोटारवाल्यांचे जुने कागद कुणाकडे असतील तर बघणार आहे.

शिवडीकर

पाटी उत्तम. माझं समाधान फक्त एका गोष्टीचं झालेलं नाही. भाड्याची गाडी तर पणजी पुढे का बसली?

कृष्णाकाठ

तेही आत्याला विचारलं. पणजीला मोटार लागायची. घाटात तर फारच. म्हणून तिला नेहमी पुढे बसवायचे, वारा लागावा म्हणून. आणि मुठीत गोल धरलंय ते लिंबू आहे.